फिट आली की झटके नीट बघायचे कसे

माझ्या धाकट्या भावाला पहिली फिट आली तेव्हा घरात आम्ही चौघं होतो आणि चौघांनी डॉक्टरांना चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. आई म्हणे दहा मिनिटं चालू होतं, मी म्हटलं दोन, काका म्हणाले आधी पाय उडाला, आणि बाबा तर फक्त "तोंड वाकडं झालं होतं हो" एवढंच परत परत सांगत होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुठल्या बाजूला वाकडं झालं होतं? कुणालाच सांगता येईना. त्या एका प्रश्नात अर्धं निदान होतं हे आम्हाला खूप नंतर कळलं.

म्हणून हे लिहितेय. फिट डॉक्टरांसमोर क्वचितच येते, ती येते घरच्यांसमोर, मित्रांसमोर, भर वर्गात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट उठून बसलेला असतो, जरा गुंगीत, बाकी ठीक. तपासायला समोर काही उरलेलंच नसतं, उरतं फक्त बघणाऱ्याने काय पाहिलं ते. त्यामुळे झटके बघायला शिकणं हे मी तरी औषधाच्या खालोखाल महत्त्वाचं मानते.

आधी जरा शब्दांचं बघू. फिट म्हटलं की हातपाय उडतायत, तोंडाला फेस आलाय हेच डोळ्यासमोर येतं, पण सगळ्या फिट अशा नसतात, काहींत माणूस नुसता काही सेकंद शून्यात बघत राहतो. ज्या फिटमध्ये स्नायू ठेक्यात उडतात तिला डॉक्टर क्लोनिक म्हणतात. यातला कळीचा शब्द ठेका. स्नायू आखडतो, सुटतो, आखडतो, सुटतो, साधारण सेकंदाला एक ते तीन वेळा, आणि तोच भाग, तीच लय. नुसतं शरीर ताठ लाकडासारखं झालं तर ते टॉनिक. वीज बसल्यासारखा एकच हिसका, हातातला कप उडाला आणि संपलं, तर ते मायोक्लोनिक, त्याला लय नसते. (झोप लागता लागता दचकून अंग उडतं ना, ते पण मायोक्लोनिकच, पण तो आजार नाही, सगळ्यांना होतं.) आणि अचानक अंगातला जोर जाऊन धप्पकन खाली पडला तर एटॉनिक. या चारातलं आपण काय पाहिलं एवढं जरी सांगता आलं तरी डॉक्टरांचं काम बरंच हलकं होतं, कारण औषध निवडताना हा फरक लागतो, काही औषधं एका प्रकाराला चालतात आणि दुसऱ्याला उलट वाढवतात.

हा ठेका येतो कुठून? मेंदूच्या पेशी एरवी आपापल्या वेळी काम करतात, फिटमध्ये त्यांचा मोठा गट एकदम, एकाच क्षणी पेटतो. तो पेटला की स्नायूला हुकूम जातो आणि स्नायू आखडतो. मग मेंदूतलीच ब्रेक लावणारी यंत्रणा त्यांना क्षणभर दाबते, स्नायू सुटतो. परत पेटतात, परत दाबल्या जातात. म्हणजे प्रत्येक झटका म्हणजे पेटणं आणि मधली फट म्हणजे ब्रेक. हे समजलं की दोन गोष्टी आपोआप समजतात. एक, फिट संपत आली की झटके एकदम बंद पडत नाहीत, मधल्या फटी लांबत जातात, लय विलंबित होत जाते आणि मग एक शेवटचा झटका येऊन अंग सैल पडतं. दोन, हुकूम मेंदूतून येतोय तर हात दाबून धरून झटका थांबणार कसा? नाही थांबत. उलट खांदा निखळू शकतो, स्नायू दुखावतात. आमच्याकडे काकांनी दोन्ही पाय दाबून धरले होते, चांगल्या मनानेच, पण उपयोग शून्य.

नुसत्या झटक्यांचीच, तेही दोन्ही बाजूंना, अशी फिट तशी कमी दिसते आणि दिसली तर जास्त करून तान्ह्या बाळांत. मोठ्यांमध्ये आपण बघतो ती बहुतेक वेळा टॉनिक-क्लोनिक, म्हणजे दोन टप्प्यांची. पहिला टप्पा ताठ होण्याचा, साधारण १० ते २० सेकंद. यात कधीकधी एक विचित्र ओरडा ऐकू येतो, तो दुखतंय म्हणून नाही, छातीचे स्नायू आवळले की आतली हवा स्वरयंत्रातून जोरात बाहेर पडते त्याचा आवाज असतो तो. दातखीळ बसते, श्वास अडल्यासारखा होतो, ओठ निळसर होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं संपलं सगळं. मग ठेका सुरू होतो, अर्धा ते दीड मिनिट वगैरे. हातपाय उडतात, तोंडात साठलेली लाळ श्वासाबरोबर घुसळून फेस होते, जीभ चावली गेली असेल तर रक्त मिसळतं, लघवी होऊ शकते. एकूण सगळं एक ते तीन मिनिटांत आटोपतं. आईची दहा मिनिटं खोटी नव्हती हां, भीतीच्या वेळी घड्याळ तसंच चालतं. म्हणूनच पहिली गोष्ट, घड्याळ बघा. काहीही करायच्या आधी वेळ बघा, कारण पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर आहेत.

आता एका बाजूची फिट, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण लोक नेमकं हेच हुकवतात. मेंदूत शरीर हलवण्याचा एक पट्टा असतो, त्यात हात, चेहरा, पाय यांच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि बोटं नि ओठांना त्यात सगळ्यात मोठी जागा मिळालीय कारण बारीक कामं तीच करतात. त्यामुळे त्या पट्ट्यात कुठेतरी फिट सुरू झाली तर ती बऱ्याचदा अंगठ्यात, बोटांत किंवा ओठाच्या कोपऱ्यात दिसते. माणूस शुद्धीत असतो, बोलत असतो, आणि त्याचाच अंगठा त्याच्या डोळ्यादेखत टक टक उडत असतो. कधी तो तिथेच थांबतो, कधी अंगठ्यातून मनगट, मग कोपर, मग खांदा, मग चेहरा असा चढत जातो. हा चढण्याचा क्रम १९ व्या शतकात ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश डॉक्टरांनी बारकाईने लिहून ठेवला आणि पेशंटच्या अंगावरचे झटके नुसते बघून मेंदूत कुठला भाग काय करतो याचा अंदाज बांधला, तेव्हा ना एमआरआय होता ना ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद). म्हणून आजही त्याला जॅक्सोनियन मार्च म्हणतात. उजवा हात उडतोय म्हणजे गडबड मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि डावा असेल तर उजव्या, हे उलटं चालतं.

आणि यातला खरा घोळ असा की एका अंगठ्यातून सुरू झालेली फिट पसरत पसरत अर्ध्या मिनिटात सगळ्या अंगाची होऊ शकते. आपण धावत येतो तेव्हा पूर्ण अंग उडताना दिसतं, मग आपण सांगतो "सगळं अंग उडत होतं", आणि सुरुवातीचा अंगठा कुणी पाहिलेलाच नसतो. म्हणून पेशंटलाही नंतर विचारा की त्याला शेवटचं काय आठवतंय, हाताला मुंग्या आल्या होत्या का, मान जोरात एका बाजूला ओढली गेली का, बोलायला गेला आणि शब्द फुटला नाही असं झालं का. फिटनंतर तोच हात किंवा पाय काही वेळ लुळा पडला असेल तर तेही सांगायचं, याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात, काही मिनिटांपासून साधारण एक-दोन दिवसांत तो जातो. पण पहिल्यांदाच असं झालं तर घरी वाट बघत बसायचं नाही, कारण स्ट्रोकही असाच दिसतो आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

शाळेतल्या मुलांमध्ये एक प्रकार असतो, झोपेत किंवा पहाटे उठता उठता तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते, मूल जागं असतं पण बोलू शकत नाही, घशातून नुसता गुरगुर आवाज. आईबाप अर्धमेले होतात बघून. पण ही रोलँडिक एपिलेप्सी (एपिलेप्सी म्हणजे अपस्मार, परत परत फिट येण्याचा आजार) असेल तर ती बहुतेक मुलांमध्ये वयाच्या पंधरा-सोळापर्यंत आपोआप जाते आणि काहींना तर रोजचं औषधही लागत नाही. याच्या अगदी उलट टोकाला अशी फिट की एक हात किंवा चेहऱ्याचा एक भाग तासन्‌तास, कधी दिवस दिवस उडतच राहतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत. ती दुर्मिळ आहे, तिथे घरगुती काही चालत नाही, सरळ हॉस्पिटल.

बरं, ठेक्यात उडणारं सगळं फिटच असतं असं नाही, आणि इथे भलेभले फसतात. सगळ्यात जास्त फसवते ती साधी चक्कर. उन्हात उभं राहून, रक्त बघून, एकदम उठून माणूस बेशुद्ध पडतो आणि पडल्यावर त्याचे हातपाय थोडे उडतात, लगेच सगळे म्हणतात फिट आली. १९९४ मध्ये डॉक्टरांनी धडधाकट स्वयंसेवकांना देखरेखीखाली मुद्दाम घेरी आणून व्हिडिओ काढले, पूर्ण बेशुद्ध पडलेल्या ४२ जणांपैकी तब्बल ९० टक्क्यांच्या अंगाला झटके आले होते. फरक असा की चक्करमधल्या झटक्यांना लय नसते, मोजकेच असतात, काही सेकंदांत संपतात, चेहरा पांढराफटक पडतो आणि माणूस आडवा झाल्यावर पटकन शुद्धीवर येऊन "काय झालं?" विचारतो. फिटनंतर असं नसतं, कितीतरी वेळ डोकं ठिकाणावर नसतं. एक सोपा अंदाज डॉक्टर वापरतात, झटके दहापेक्षा कमी असतील तर चक्करकडे झुकतं, वीसपेक्षा जास्त असतील तर फिटकडे. जीभ चावली असेल तर कुठे ते बघा, कडेला चावलेली असली तर फिटची शक्यता वाढते. पण चक्कर आहे म्हणजे किरकोळ असंही समजू नका, व्यायाम करताना, छातीत धडधडून किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असताना आलेली चक्कर हृदयाची असू शकते, ईसीजी हवाच.

दुसरं म्हणजे मनावरच्या ताणाशी जोडलेले झटके, याला फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात. यात डोळे बहुतेक वेळा घट्ट मिटलेले असतात (खऱ्या फिटमध्ये उघडे असतात), डोकं नाही नाही म्हटल्यासारखं डावीउजवीकडे हलतं, झटके मध्येच थांबतात, परत सुरू होतात, लय एकसारखी राहत नाही, आणि चालतंही जास्त वेळ. प्लीज याला नाटक म्हणू नका. तो माणूस मुद्दाम करत नाही, त्याला उपचार लागतात, फक्त ते फिटच्या गोळ्यांचे नाही तर वेगळे. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, त्यामुळे घरी बसून आपण निकाल लावायचा नाही.

तान्ह्या बाळाचं हातपाय थरथरणं ही तिसरी गोष्ट. इथे मात्र हात धरून बघण्याला अर्थ आहे. थरथरणारा हात हलक्या हाताने धरला किंवा दुमडला आणि थरथर थांबली, डोळे नीट आहेत, तर ती बहुतेक नुसती थरथर. धरला तरी तुमच्या तळहातात तो ठेका लागतच राहिला, डोळे एका बाजूला खेचलेले, तर फिट समजून लगेच निघायचं, कारण एवढ्या लहान बाळाच्या फिटमागे जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, साखर किंवा कॅल्शियम कमी होणं, इन्फेक्शन, मेंदूतला स्ट्रोक अशी कारणं असतात आणि त्यातली काही ताबडतोब सुधारता येतात.

आता फिट चालू असताना करायचं काय. वेळ बघितली. मग आजूबाजूची टोकदार, गरम, जड वस्तू बाजूला, डोक्याखाली काहीतरी मऊ, चष्मा काढा, गळ्याजवळचं सैल करा. जमेल तेव्हा एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर येते आणि श्वासाची वाट मोकळी राहते, झटके जोरात असताना जबरदस्ती नको, ओसरले की लगेच वळवा. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, कापड नाही, बोट तर अजिबात नाही. जीभ गिळली जाते ही निव्वळ समजूत आहे, जीभ गिळता येत नाही, पण चमच्याने दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी, गोळी काहीच तोंडाने नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत. पाण्यात असताना फिट आली तर चेहरा पाण्यावर धरून ठेवा, बाहेर काढा, आणि नंतर ठीक दिसला तरी दवाखान्यात न्या, फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं.

५ मिनिटं झाली आणि झटके चालूच आहेत, की ॲम्ब्युलन्स. हा आकडा उगाच नाही, एवढा वेळ चाललेली फिट आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि ३० मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. एक संपून शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली तरी तेच. आयुष्यातली पहिलीच फिट, गरोदर बाई, डायबेटिस, डोक्याला मार, यात ५ मिनिटंही थांबू नका. आणि झटके थांबल्यावर श्वास बघा, घोरल्यासारखा जड श्वास चालेल, पण श्वासच नसेल किंवा अधूनमधून नुसता आचका दिल्यासारखा असेल तर ती फिट नव्हतीच कदाचित, हृदय बंद पडतानाही काही सेकंद अंग उडतं. तिथे लगेच छाती दाबायला सुरुवात.

ज्यांना वारंवार लांबलेल्या फिट येतात त्यांना डॉक्टर घरी ठेवायला मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे किंवा गालात सोडायचं औषध देतात, लहान मुलांना कधी गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम. डोस किती, किती मिनिटांनी, दुसरा डोस द्यायचा की नाही, हे आधी लिहून घ्या, ऐन वेळी आठवत नाही.

हाताशी दुसरा माणूस मोकळा असेल तर त्याला व्हिडिओ काढायला सांगा. मला माहितीय हे क्रूर वाटतं, आपलं माणूस पडलंय आणि कोण मोबाईल धरून उभं राहणार. पण आमच्याकडे तिसऱ्या फिटचा ४० सेकंदांचा व्हिडिओ होता आणि आधीच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा डॉक्टर त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसले होते. नुसता चेहरा नको, पूर्ण अंग दिसू दे, पांघरूण काढा, मग डोळ्यांजवळ जा, त्याला नाव घेऊन हाक मारा, हात उचल म्हणा, आणि झटके थांबल्यावरही काढत रहा, कारण नंतर तो कसा शुद्धीवर येतो यातच बरंच काही असतं.

तापात येणारी फिट हा एक मोठा विषय आहे, थोडक्यात सांगते. ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या १०० पैकी २ ते ५ मुलांना ती येते. १५ मिनिटांच्या आत, दोन्ही बाजूंना, २४ तासांत एकदाच, एवढं असेल तर तिला साधी म्हणतात आणि बहुतेक मुलांना पुढे काही त्रास होत नाही. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्या, त्याने फिट टळतेच असं नाही, त्यामुळे "मी वेळेवर औषध दिलं नाही" म्हणून आईने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. फक्त एक वेगळं चित्र लक्षात ठेवा, वर्षाच्या आतलं बाळ, तापात शरीराची एकच बाजू बराच वेळ उडते, पुढच्या वेळी दुसरी बाजू. तेव्हा ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्मिळ फिटच्या आजाराचा विचार करावा लागतो, आणि तिथे कार्बामाझेपिनसारखी नेहमीची काही औषधं फिट वाढवतात, म्हणून "कधी डावी, कधी उजवी" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दवाखान्यात मग रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम बघतात, कारण हे बिघडलं तरी फिट येते आणि ते सुधारलं की प्रश्न मिटतो. रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तरी पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. एमआरआयमध्ये जुनी जखम, गाठ, स्ट्रोकची खूण, फीतकृमीच्या अळीची गाठ असं काही आहे का ते दिसतं. ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नव्हती असं नाही हं, ती २०-३० मिनिटांची नोंद असते, त्यात फिट असलेल्या निम्म्याअधिक लोकांत पहिल्यांदा काहीच सापडत नाही. जागरण करून किंवा झोपेत परत काढला की सापडण्याची शक्यता वाढते.

एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असंही नाही. ढोबळमानाने, काही उघड कारण नसताना २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन आल्या, किंवा एकच आली पण तपासणीवरून परत येण्याचा धोका मोठा दिसतोय, तर ते नाव लागतं आणि औषध सुरू होतं. औषधांनी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या फिट थांबतात. दोन नीट निवडलेली औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही थांबत नसतील तर तिसरं, चौथं बदलत वर्षं घालवण्यापेक्षा एपिलेप्सी सेंटरला जाऊन ऑपरेशनचा विचार होऊ शकतो का हे विचारा, एका ठिकाणाहून सुरू होणाऱ्या फिटमध्ये तर नक्कीच. मूल होण्याचं वय असलेल्या मुलींना व्हाल्प्रोएट हे फिटचं औषध सुचवलं तर गरोदरपणातल्या धोक्याबद्दल आधी बोला. आणि गोळी मनाने बंद करायची नाही, एक डोस चुकणं आणि जागरण हे दोन एकत्र आले की आमच्या भावाला हमखास फिट, तीनदा पाहिलंय. मोठ्या फिट चालूच राहिल्या तर झोपेत अचानक मृत्यूचा धोका असतो, एपिलेप्सी असलेल्या १,००० मोठ्या माणसांत वर्षाला साधारण एक, कमी आहे पण आहे, आणि फिट ताब्यात आली की तो खूप कमी होतो.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर तारीख, वाजले किती, किती सेकंद, सुरुवात कुठून, डोळे उघडे की मिटलेले, शुद्धीवर यायला किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली का, एवढेच रकाने आहेत. मागच्या वेळी बाबांनी भरला. सुरुवातीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, डाव्या ओठाचा कोपरा, मग डावा अंगठा.